मिनिटांचा सौदा

विद्यापीठानं माझ्या मुलीला शाल पांघरवली त्या दिवशीच मी सावध व्हायला पाहिजे होतं. समोरचा माणूस न मागता काही देऊ लागला की मागितलेलं द्यायची त्याची इच्छा नसते, एवढं तर मी धंद्यात शिकलोच आहे.

शाल तिनं मागितली नव्हती. तिनं परीक्षेत जास्तीचा वेळ मागितला होता, आणि तो अर्ज पावसाळ्यापासून परीक्षा विभागात पडून होता. मग दिव्यांग दिवस आला. मंडप टाकला, माईक लागला, आणि विद्यापीठातल्या सगळ्या अपंग मुलामुलींना पहिल्या रांगेत आणून बसवलं. भाषणांत त्यांना प्रेरणा म्हणाले, तारे म्हणाले, एक साहेब तर देवाचं रूप म्हणाले. मग शाल, नारळ आणि फोटो. सत्कारासाठी विद्यापीठाकडे अख्खी सकाळ मोकळी होती. पेपरसाठी मात्र एक तास निघत नव्हता.

विद्यापीठाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर आणखी एक शाल घरी येईल.

माझं पॉवर हाऊस नावाच्या बाजारात जुन्या मोटरींचं दुकान आहे. मोटर म्हणजे गाडी नव्हे. विहिरीच्या पंपाची, पिठाच्या गिरणीची, कूलरची विजेची मोटर. मी ती जुनी घेतो, तांब्याची तार नव्यानं गुंडाळून घेतो आणि विकतो. माझे वडील भंडाऱ्याकडून या हिंदी मुलखात येऊन पोलादाच्या प्लांटमध्ये लागले आणि तिथल्या कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळशाच्या भट्टीच्या धगीतच रिटायर झाले. मला प्लांटनं घेतलं नाही, तर मी प्लांटचं भंगार घेतलं. त्यातून दुकान उभं झालं आणि जुनवानीला घर झालं. सेक्टरमधली, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतली मोठी मराठी मंडळी, नागपूरहून साहेब होऊन आलेली, मला गणपतीच्या वर्गणीच्या वेळी 'काय शेठ' म्हणतात. बाकीच्या दिवसांत मी त्यांना दिसत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. एवढंच की त्यांच्या घरातला कूलर बंद पडला की मी त्यांना पुन्हा दिसायला लागतो, आणि मग भाव मी सांगतो.

माझ्या मुलीचा जन्माच्या वेळी श्वास अडकला होता. उजवा हात तेव्हापासून कडक आहे आणि बोलणं सावकाश. शब्द आत तयार असतो, बाहेर यायला वेळ लागतो. बोलणं सावकाश म्हणजे डोकं सावकाश, असं समजणारे लोक आम्हाला खूप भेटले, आणि त्यातले बहुतेक शिकवण्याचा पगार घेत होते. ती डाव्या हातानं लिहिते. अक्षर मोत्यासारखं येतं, पण दुसऱ्यांची दोन पानं भरतात तोवर हिचं एक होतं. अशा हातानं ती अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. पहिल्या वर्षी प्रत्येक पेपरात शेवटचा प्रश्न कोरा राहिला. उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. पर्यवेक्षकानं हातातून पेपर ओढला म्हणून. एका विषयात ती राहिली.

लोक म्हणायचे, रायटर घ्या ना. म्हणजे ही सांगेल आणि दुसरी मुलगी लिहील. बी.ए.ला तो प्रयोग झाला होता. विद्यापीठानं नियम सांगितला की रायटर दुसऱ्या विषयाची पाहिजे, नाहीतर तीच उत्तरं सांगेल. म्हणून वनस्पतिशास्त्राची एक मुलगी मिळाली. गुणी पोर होती, पण माझ्या मुलीनं 'मांग की लोच' सांगितलं की ती 'मांग की सोच' लिहायची. 'लोच' म्हणजे लवचिकता. भाव वाढला की मागणी किती वाकते, ते. अख्ख्या पेपरात मागणी विचार करत बसली. परीक्षकाला मजा आली असेल, पण गुण त्यानं दिले नाहीत. तेव्हापासून मुलीचं एकच म्हणणं होतं. लिहीन मी, फक्त लिहू द्या.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर एक दिवस जेवताना ती म्हणाली, "या वेळी बी नाही झालं तर मी सोडते. दुकानात बसते."

रडत म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती भाजी वाढून घेता घेता म्हणाली. म्हणजे ठरवून झालं होतं.

"दुकानात एक भांडखोर पुरे हाय," बायको म्हणाली. पण तिच्याही हातातला घास तसाच राहिला.

शालीच्या आधी आणि नंतर मिळून मुलगी परीक्षा विभागात बरेच वेळा जाऊन आली. तिथले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, तिचं पहिलं वाक्य पूर्ण होऊ देत नसत. ती 'सर, मेरा' म्हणेपर्यंत ते 'हाँ हाँ, देख रहे हैं' म्हणत. असं पाहता पाहता थंडी सरली. शेवटी त्यांनी तिला सांगितलं, "बेटा, पिताजी को भेजना."

मुलगी घरी येऊन चिडून हे सांगत होती. मला मात्र निमंत्रण आल्यासारखं वाटलं.

"मी जातो सकाळी," मी म्हणालो.

"नको बाबा. मीच जाते पुन्हा."

"तुयं ऐकून राहिले का ते? मायं ऐकतीन."

सकाळी मी स्कूटर काढली तेव्हा ती फाटकापर्यंत मागे आली. तिला काहीतरी सांगायचं होतं. 'बाबा, किती' एवढे दोन शब्द मला ऐकू आले. एरवी माझी स्कूटर घाम काढल्याशिवाय सुरू होत नाही. त्या दिवशी पहिल्या किकला सुरू झाली.

परीक्षा विभागात पोचलो आणि बडे बाबूंना पाहिलं तर ओळखीचे निघाले. त्यांनी माझ्याकडून पंपाची मोटर नेली होती. ते गिऱ्हाईक मला चांगलं आठवत होतं, कारण त्यांनी सांगितलेल्या भावावर मी इतका हसलो होतो की शेजारचे दुकानदार बाहेर आले होते. मोटर त्यांनी शेवटी माझ्याच भावात नेली. त्यांनाही ते आठवत होतं, हे त्यांच्या खुर्ची पुढं सरकवण्यावरून कळलं.

"आइए सेठजी, आइए. पॉवर हाऊस वाले!"

"मोटर चल रही है ना साहब?"

"चल तो रही है. आवाज बहुत करती है."

"चलने वाली ही आवाज करती है. बंद पड़ी कभी नहीं करती."

ते हसले. मग म्हणाले, "बिटिया का काम है ना? वो छूट वाला."

छूट हा शब्द त्यांनी काढला, मी नाही. हे मी आजही कुणापुढंही सांगायला तयार आहे. आमच्या बाजारात छूट म्हणजे भावातली सूट. दिवसातून शंभर वेळा तो शब्द माझ्या गल्ल्यासमोर येतो आणि शंभर वेळा मी त्याला परत पाठवतो. तो कानावर पडला की माझं डोकं बाजूला होतं आणि तोंड आपोआप चालू लागतं.

"कितना दे रहे हैं?" मी विचारलं.

"आप बोलिए."

आमच्यात पहिला आकडा बोलणारा खड्ड्यात जातो. पण गरज माझी होती. मी मनात हिशोब केला की तासाला पंधरा-वीस मिनिटं मिळाली तर पोरीचं काम होईल. म्हणून म्हणालो, "घंटे पे चालीस मिनट."

बाबू खुर्चीत मागं रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा एक समाधान आलं. मला वाटलं, आकडा ऐकून ते घाबरले आणि लपवत आहेत.

"चालीस! इतने में तो बिटिया हमारा भी पेपर लिख देगी, सेठजी. पाँच."

"पाँच मिनट में तो वो पेन का ढक्कन खोलेगी, साहब."

"तो ढक्कन घर से खोल के लाए."

पलीकडच्या टेबलावरचे लोक हसले. मला राग आला, पण कामाचा राग. असा राग मी दुकानात वापरतो. मी तीसवर आलो, ते सातवर. मी म्हणालो, पोरीचा हात पाहा. ते म्हणाले, हात पाहूनच सात म्हणतोय. मी म्हणालो, मग राहू द्या, कुलगुरूंकडेच जातो. आणि उठलो.

उठून जाणं ही माझी सगळ्यात जुनी चाल. खरा सौदेबाज तुम्हाला दारापर्यंत जाऊ देतो आणि उंबऱ्यावर हाक मारतो. बाबूंनी मला उंबऱ्यावर हाक मारली. माणूस कसलेला होता.

"दस. आखिरी. और कमरा नीचे वाला दे देंगे, सीढ़ी नहीं चढ़नी पड़ेगी."

"और पंखे के नीचे की सीट."

"चलो, पंखा भी आपका."

आम्ही हात मिळवला. चहा आला. बाबूंनी त्यांच्या मोटरीची सगळी तक्रार पुन्हा सांगितली आणि मी फुकटात बेअरिंग बदलून द्यायचं कबूल केलं. मन मोठं झालं होतं. पाचावरून दहावर आणलं होतं, म्हणजे दुप्पट, आणि पंखा वरून. येताना गरम सामोसे घेतले.

मुलगी ओट्यावरच उभी होती.

"किती?" तिनं विचारलं.

"घंट्याले दहा. पाचच देऊन राहिला होता. शिवाय तळमजला अन् पंख्याखालची जागा."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आनंदानं शब्द अडकला असेल.

"बाबा," ती म्हणाली, "वीस आहेत."

"काय वीस?"

"घंट्याले वीस. कमीत कमी. सरकारचा नियमच आहे. ते आपल्याले द्यायचेच आहेत त्याईले. तेच तर सांगत होती सकाळी."

सामोशांची पुडी माझ्या हातात होती. गरम तेल कागदातून बोटांना लागत होतं.

"मंग त्यानं मले सांगतलं कावून नाही?"

"तुमी किती म्हटले?"

"चाळीस."

मुलगी हसायला लागली. तिचं हसणं बोलण्यासारखं सावकाश नाही, ते धबधब्यासारखं येतं. "चाळीस म्हटलं तवाच त्याले समजलं ना, याईले काईच माहीत नाही म्हणून!"

बायको स्वयंपाकघरातून आली, सगळं ऐकून घेतलं आणि पुडी माझ्या हातातून काढून घेतली. "म्हणजे अर्धा माल तेथीच ठेवून आले," ती म्हणाली, "अन् खुशीचे सामोसे आणले. बाप्पा!"

मला त्या रात्री जे झालं त्याला राग म्हणणं बरोबर नाही. राग मला रोज येतो. हे वेगळं होतं. माझाच माल त्या माणसानं मला अर्धाच विकला होता, आणि मी त्याला वरून बेअरिंग बसवून देणार होतो. लोक म्हणतील, तुम्ही घासाघीस केलीत म्हणून. ठीक आहे. मी दुकानदार आहे, घासाघीस करणारच. पण जे त्याच्या गल्ल्यातलं नव्हतंच, त्याचा भाव त्यानं केला कसा? माझ्याकडे कुणी आपलीच मोटर दुरुस्तीला टाकली आणि न्यायला आला, तर मी त्याला ती विकत नाही. एवढी लाज आम्हा भंगारवाल्यांनाही असते.

आणि खरी अडचण पुढंच होती. मी हात मिळवला होता. बाजारात माझ्याबद्दल लोक काय वाटेल ते बोलतात: तापट आहे, चिवट आहे, तांबं मोजताना जीव घेतो. पण झालेल्या सौद्यावरून मागं फिरला, असं कुणी बोलू शकत नाही. घाट्यात गेलेले सौदे मी पाळले आहेत. आणि आता मी त्या खुर्चीसमोर जाऊन म्हणू, की साहेब, मला माहीत नव्हतं? हे वाक्य तर गिऱ्हाईक म्हणतात. आणि गिऱ्हाईकांना मी काय उत्तर देतो, ते बाबूंनी माझ्या दुकानात उभं राहून ऐकलेलं होतं.

म्हणून सकाळी मी मुलीला मधला मार्ग सुचवला. दहा ठरलेच आहेत, आपण दुसऱ्या साहेबाकडून पाच काढू, जागा अजून खिडकीजवळची मागू.

ती वेणी घालत होती. एका हातानं वेणी घालायची तिची स्वतःची पद्धत आहे, एक टोक दातात धरते. ते टोक सोडून ती म्हणाली, "सौदा तुमी केला बाबा. टाइम माया आहे."

"मंग?"

"मी बोलते. तुमी फक्त स्कूटर चालवा. अन् तेथी तोंड उघडायचं नाही."

"अन् त्यानं मलेच इचारलं तर?"

"तरी बी नाही."

मी कबूल झालो. हाही एक सौदाच होता, आणि त्यात मला काहीच मिळालं नव्हतं.

बाबूंनी आम्हा दोघांना दारात पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी मुलीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "क्या सेठजी? बात तो हो गई थी. हाथ मिला था."

मी छताच्या पंख्याकडे पाहू लागलो. पंख्याचं बुशिंग गेलं होतं, आवाजावरून कळत होतं.

"सेठजी, आप तो जबान के पक्के आदमी हैं."

मी पंखाच पाहत होतो. माझ्या आयुष्यात एवढ्या शिव्या मी कधी गिळल्या नसतील.

मुलगी टेबलासमोर उभी राहिली. "सर," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द आत तयार होऊ लागला.

आधी ती आली की ते लगेच 'देख रहे हैं' म्हणून तिला वाटेला लावत. आज तसं करता येईना, कारण मी तिथं गप्प उभा होतो, आणि मी गप्प आहे म्हणजे मागं काहीतरी मोठं आहे, असं त्यांना वाटत असावं. ती त्यांच्याकडे पाहत होती, मी पंख्याकडे.

"देखो बेटा," बाबू म्हणाले, "बारह कर देते हैं."

मुलीचे ओठ हलले. अजून आवाज नव्हता.

"अच्छा, पंद्रह. तुम्हारे पिताजी का मान रख के."

मी हे आमच्या दुकानात पाहिलं होतं. सुट्टीत ती गल्ल्यावर बसते तेव्हा गिऱ्हाईक भाव सांगतं, ही उत्तर द्यायला वेळ घेते, गिऱ्हाईकाला वाटतं पोरगी नाराज झाली, आणि ते स्वतःहून वर चढतं. मी अर्धं आयुष्य ओरडून जे कमावलं, ते ही श्वास घेता घेता कमावते. पण सरकारी टेबलावरही हे चालतं, याची मला कल्पना नव्हती.

"अठारह," बाबू म्हणाले. त्यांनी रुमाल काढला. "अरे भाई, बीस ले लो. बीस! अब तो ठीक है?"

तेव्हा तिचं वाक्य पूर्ण झालं.

"सर, बैठ जाऊँ?"

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी खोकल्याचं नाटक केलं. बाबूंनी खुर्चीकडे हात केला. मुलगी बसली, ओढणी सारखी केली, आणि एक एक शब्द ठेवत बोलली. "बीस तो है ही, सर. वो लेने नहीं आई. आदेश निकालिए. सब परीक्षा केंद्रों पर लगना चाहिए. सबके लिए."

"सबके लिए?" बाबूंचा आवाज चढला. "सबके लिए कौन माँग रहा है?"

"कोई नहीं माँग रहा, सर. सबको लगता है, आप से माँगना पड़ता है."

मी पंख्यावरून नजर खाली आणली. मला वाटलं, पोरगी हातातला सौदा घालवते. वीस पदरात पडले होते, उठायचं होतं, चालू लागायचं होतं. दुकानात येऊन आपल्याबरोबर बाकीच्या गिऱ्हाइकांसाठीही माल मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण मी कबूल केलं होतं, म्हणून गप्प राहिलो.

बाबूंनी तिची मागणी कागदावर उतरवली आणि तो कागद घेऊन ते आतल्या साहेबांकडे गेले. साहेब स्वतःच बाहेर आले. शाल पांघरवणारे तेच होते.

"अरे, ये तो हमारी बिटिया है! कैसी हो?" त्यांनी उभ्या उभ्या कागद वाचला. "इसमें पूछना क्या है? ये तो नियम है. अभी निकालो." आणि सही करून आत गेले. सगळं मिळून कपातल्या चहाची वाफ जाण्याएवढा वेळ लागला असेल.

मी आणि बाबू एकमेकांकडे पाहत उभे राहिलो. ज्याच्यासाठी आम्ही दोघांनी कपाळाचा घाम काढला होता, ते त्या माणसानं उभ्या उभ्या देऊन टाकलं होतं, आणि वर विचारलं होतं की यात विचारायचं काय. त्या घडीला त्या खोलीत मला समजून घेणारा माणूस एकच होता, आणि तो बाबू होता.

बाहेर जिन्यापर्यंत ते आमच्याबरोबर आले. हळूच म्हणाले, "सेठजी, आप पहले ही दिन बीस बोल देते तो?"

मुलीची अट टेबलापुरती होती, असं मी धरलं. "आप पहले ही दिन बीस दे देते तो?"

ते जिन्यावरूनच परत फिरले. बेअरिंग मात्र मी नंतर जाऊन बदलून दिलं. हात मिळवला होता.

आदेश लागला. कोणकोणत्या केंद्रांवर किती मुलं तीन तासांच्या पेपरावर मिळालेल्या त्या जास्तीच्या तासात लिहीत बसली, मला माहीत नाही. आमच्या केंद्रावर ती एकटीच होती.

परीक्षा आली तेव्हा उन्हाळा पेटला होता. दुकान नोकरावर टाकून मी रोज तिला सोडत होतो आणि फाटकाजवळच्या गुलमोहराखाली स्कूटर लावून बसत होतो. पेपर सुटला की पोरं लोंढ्यासारखी बाहेर यायची, चुकलेल्या उत्तरांवरून एकमेकांना शिव्या देत, आणि थोड्या वेळात सगळं मैदान रिकामं व्हायचं. मग खालच्या मजल्यावरची एकच खोली जागी असायची. तिथं माझी मुलगी आणि एक मॅडम.

शेवटचा पेपर मागच्या वर्षी राहिलेल्या विषयाचा होता. बाकीची पोरं गेली, ऊन डोक्यावरून थोडं सरकलं, आणि मॅडम व्हरांड्यात आल्या. त्यांनी मला हेरलं आणि सरळ फाटकापर्यंत चालत आल्या.

"आप पिताजी हैं?"

मी मान हलवली.

"देखिए, उसका सब लिखना हो गया है. अब सिर्फ पढ़ रही है. मुझे सेक्टर जाना है, बच्चे घर पर हैं, बस निकल जाएगी. आप जरा समझा दीजिए ना. आधा घंटा इधर-उधर से क्या फरक पड़ता है?"

मॅडम वाईट नव्हत्या. चेहरा उन्हानं लाल झाला होता, सकाळपासून उभ्याच असतील. आणि बोलणं इतकं ओळखीचं होतं! आधा घंटा इधर-उधर. माझं तोंड उघडणारच होतं. मॅडम, आधा नहीं, दस मिनट. आप भी खुश, हम भी खुश. जिभेवर आलं होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "मुझे बोलने की मनाई है."

"किसने मना किया?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. मॅडमनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि परत गेल्या. त्यांना मी पाण्याची बाटली देऊ केली होती. ती त्यांनी घेतली, एवढं सांगायला पाहिजे.

पण त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. सिर्फ पढ़ रही है. म्हणजे काय? लिहायला वेळ पाहिजे म्हणून मी तोंडघशी पडलो, बाबूसमोर मुका झालो, आणि ही आत बसून वाचून राहिली? मी उठलो, बसलो, स्कूटरचा आरसा पुसला. मॅडमनी म्हटलं ते खोटं असेल तर बरं, असं मला वाटू लागलं.

शिपायानं घंटा वाजवली. तिच्या एकटीसाठी अख्ख्या इमारतीत ती घंटा वाजली.

मुलगी बाहेर आली. डाव्या हाताची बोटं शाईनं भरली होती आणि ती ते मनगट हलवत चालत होती.

"सगळे?" मी विचारलं.

"सगळे. एक बी नाही सुटला."

तरी विचारलंच, "अन् शेवटी काय करून राहिली होती? मॅडम म्हणे, वाचत बसली."

"हो ना." ती हसली. "पेपर परत वाचला, बाबा. पहिल्यांदा. शाळेपासून कधीच नाही वाचला मी. नेहमी अर्ध्या ओळीतूनच ओढून नेत."

"मंग? बरोबर होता ना?"

"दोन चुका निघाल्या." हे तिनं इतक्या आनंदानं सांगितलं की मी चकित झालो. माझ्या दुकानात कुणाला मालात खोट सापडली तर कुणीही खूष होत नाही. ती मात्र खोट सापडली म्हणून उजळली होती. बाकीच्या पोरांना दरवर्षी आपल्या चुका पाहायला मिळत होत्या. हिच्या वाट्याला त्या कधी आल्याच नव्हत्या.

"दुरुस्त केल्या?"

"एक केली." तिनं थोडा वेळ घेतला. मी थांबलो. "दुसरी करून राहिली होती, अन् घंटा झाली."

"म्हणजे? एका मिनिटाचं काम होतं?"

"एवढं बी नाही. एकच शब्द होता."

"अन् मॅडमनं करू नाही दिला?"

"टाइम संपला ना बाबा."

"कायचा संपला? ते बाई बाहेर येऊन उभी राहिली, तो टाइम कुठं गेला? थांब तू इथंच. अजून त्या आतच आहेत, पेपर बांधून राहिल्या असतील. एक शब्द! मी बोलतो."

मी फाटकाकडे वळलो आणि मागून खेचला गेलो. तिनं माझा शर्ट धरला होता, उजव्या हातानं. घाईत तिचा तोच हात पुढं आला होता. तो हात एकदा मिटला की तिनं ठरवलं तरी लवकर उघडत नाही. एकेक बोट सावकाश सुटतं.

"सोड," मी म्हणालो.

"सोडून राहिली," ती म्हणाली, आणि तिला पुन्हा हसू फुटलं, त्यामुळं तर तो हात आणखीच घट्ट झाला.

आतून मॅडम पेपरांचा गठ्ठा घेऊन निघाल्या, आमच्याजवळून गेल्या, बस गाठायला धावल्या. मी तसाच उभा. चौकीदार फाटक लावायला आला, आमच्याकडे पाहत किल्ली हातात घेऊन थांबला, आणि त्यालाही थांबावं लागलं.